दिसणारे पुष्कळ, सापडणारे किती?

रत्नागिरीत मारुती मंदिरच्या चौकात उभं राहून एकदा मान वर करा. वाढदिवस, निवड, नियुक्ती, सत्कार. फलकाला फलक लागलेला. चेहरे हसरे, हात जोडलेले, खाली शुभेच्छुकांची रांग. आता तुमचं काम अडलं तर यातल्या कुणाला कुठे गाठायचं, ते त्या फलकावर शोधा.

सापडणार नाही.

दिसण्याची ही साथ राजकारणापुरती राहिलेली नाही. नव्या डॉक्टरला सल्ला मिळतो, रील टाक. नव्या वकिलाला सल्ला मिळतो, व्यासपीठावर दिसत जा. बागायतदाराच्या मुलाला सल्ला मिळतो, आधी पेज काढ, आंब्याचं मागाहून बघू. ‘जो दिखता है वो बिकता है’ हे हिंदी वाक्य कोकणातही तोंडपाठ झालंय.

एकदा विकलं जातं, हे खरं. पण पुढच्या वर्षी तोच माणूस आपणहून फोन करतो का?

धंदा त्या दुसऱ्या फोनवर चालतो. पहिला फोन जाहिरातीने येतो, दुसरा मालाने.

रत्नागिरीला तरी हे कुणी शिकवायला नको. या जिल्ह्याचं जगभर गेलेलं नाव एका फळाचं आहे. आणि नाव असणं वेगळं, विश्वास असणं वेगळं, हे त्या फळाने आपल्याला चांगलंच महागात शिकवलंय.

दर हंगामाला बातमी येते: हापूसची पहिली पेटी वाशीला रवाना. पेटीला हार, वर नारळ, मागे बागायतदार, पुढे कॅमेरा. भाव असा की वाचणाऱ्याने पान उलटावं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बागेत घालमेल सुरू. त्याची गेली, आपली कधी?

मोहोर लवकर आला, फळ खरंच तयार झालं, तर पहिली पेटी हा मेहनतीचा मान आहे. तो द्यायलाच हवा. पण नुसतं पहिलं येण्यासाठी उतरवलेलं कोवळं फळ? कोकणात फळाची तयारी आण्यांत मोजतात. चौदा आणे झालं की काढायचं, हे बागेत पाट्या उचलणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. बारा आण्यांवर झेला लावणाऱ्यालाही ते ठाऊकच असतं.

ठाऊक नसतं ते फक्त गिऱ्हाइकाला. तो बिचारा आढी लावतो, रोज वास घेऊन बघतो, आणि शेवटी सुरकुतलेलं आंबट फळ कापून म्हणतो, यंदा रत्नागिरीच्या आंब्याला चव नाही.

घाई एकाने केली. बदनामी जिल्ह्याची झाली.

आता दुसरी बाजू. फळ चौदा आणे तयार. झेल्याने अलगद उतरवलेलं, देठासकट, चीक सालीवर न ओघळलेला. पेंढ्यात सावकाश पिकवलेलं. रंग बघावा, वास घ्यावा, सुरी फिरवावी. आणि कोयीलगत पांढुरका, आंबूस, पोकळसर गर निघावा.

साका.

साका बाहेरून दिसत नाही. बागायतदाराला नाही, दलालाला नाही, तुम्हाला तर नाहीच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 1981 साली ‘रत्ना’ ही जात दिली. तिच्यात साका होत नाही. पण बाजाराला हापूसच हवा. हापूस घेतला की अधूनमधून साका आलाच.

मग पेटी घेताना भरवसा ठेवायचा कशावर? खोक्याच्या छपाईवर?

पावसकडच्या एका बागायतदाराची विक्रीची वही पाहण्यात आली. लांबडी, पुठ्ठ्याची, कडा डिंकाने काळ्या पडलेल्या. प्रत्येक पानावर चार रकाने: नाव, गाव, डझन आणि शेवटचा ‘खराब’. पुण्याच्या एका नावापुढे शेवटच्या रकान्यात पाच लिहिलेलं. पुढच्या वर्षीचं पान काढलं, तर त्याच नावापुढे डझनांच्या शेजारी अधिक पाच.

जाहिरात कुठे करता, असं विचारलं. त्यांनी त्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

साका निघाला यात त्यांचा काही दोष नव्हता. भरपाई मागायला कुणी रत्नागिरीपर्यंत आलंही नसतं. तरी पाच आंबे गेले. गिऱ्हाईक कायमचं राहिलं ते या पाच आंब्यांमुळे, उरलेल्या शंभरांमुळे नव्हे.

2020 च्या टाळेबंदीत या वहीची किंमत कळली. बाजार कधी उघडा, कधी बंद. वाहनं अडलेली. फळ मात्र झाडावर थांबायला तयार नव्हतं. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकांची नावं होती, त्यांनी फोन फिरवले आणि मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत पेट्या उतरवल्या. ज्यांनी गिऱ्हाईक कधी बघितलंच नव्हतं, त्यांनी कुणाला फोन करायचा?

विश्वास अडचणीच्या वेळी गोळा करता येत नाही. तो आधीच वहीत असावा लागतो.

पेटीवर मार्का टाकायची पद्धत जुनी. बागायतदाराची आद्याक्षरं, एखादं चिन्ह. वाशीचा व्यापारी पेटी उघडण्याआधी मार्का बघायचा. कुणाच्या पेटीत तळापर्यंत एकसारखं फळ असतं, हे त्याला पाठ. वरच्या थरात मोठं आणि खालच्या थरात बारीक कोण भरतं, हेही पाठ.

म्हणजे मार्का हा मिरवायचा दागिना नव्हता. लबाडी केलीत तर घर दाखवणारी खूण होती.

पुढे रिकाम्या पेट्यांना भाव आला. ‘रत्नागिरी’, ‘देवगड’ छापलेले खोके कुणालाही मिळू लागले. आत कर्नाटकचा आंबा, बाहेर कोकणचं नाव. कर्नाटकातला शेतकरीही घामच गाळतो. त्याचा आंबा त्याच्या नावाने विका, कुणाची तक्रार नाही. इथे चोरी आंब्याची झालेली नाही.

चोरी पत्त्याची झाली आहे.

2018 च्या ऑक्टोबरात हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर, असे पाच जिल्हे. आनंद झाला, व्हायलाच हवा होता. पण मानांकन मिळालं म्हणून पुढच्या मोसमात नकली पेटी बाजारातून उठली का?

कशी उठेल? कायदा 1999 चा, अंमल 2003 पासून. त्यात संस्थेच्या नावे नोंद होणं ही पहिली पायरी. पुढे प्रत्येक उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करून घ्यायची. म्हणजे नाव द्या, बाग दाखवा, कागद जोडा. मानांकनाचा अभिमान सगळ्यांना. कागद जोडायचा कंटाळाही पुष्कळांना.

अभिमानाला सातबारा लागत नाही. विश्वासाला लागतो.

देवगडकरांनी पुढचं पाऊल टाकलं. तिथल्या तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामात फळाफळावर स्वतंत्र क्रमांकाचं स्टिकर आणलं. सोलायला गेलं की फाटतं, काढून दुसऱ्या आंब्यावर लावता येत नाही. कुणाला किती द्यायची, ते बागेतल्या झाडांवरून ठरवायचं. गिऱ्हाइकाने क्रमांक पाठवून खातरजमा करायची.

बोटाएवढा कागद. चौकातल्या वीस फुटी फलकाला जे जमत नाही ते त्याला जमतं. त्यावरून माणूस सापडतो.

मुद्दा एवढाच आहे. लोकांनी बघावं म्हणून लावलेल्या पाट्या वेगळ्या, लोकांना धरता यावं म्हणून लावलेल्या पाट्या वेगळ्या. पहिल्या कितीही लावा, विश्वास दुसऱ्यांवरच बसतो.

नुसतं नाव किती पुरतं, हे युरोपने एकदा दाखवून दिलं. 1 मे 2014 पासून भारतातला आंबा तिकडे बंद. सोबत वांगी, अळू, कारली आणि पडवळ. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या 207 खेपांत फळमाशी आणि इतर किडी निघाल्या होत्या. बंदी आली ती ऐन हंगामात.

फळांच्या राजाला एका माशीने विमानातून खाली उतरवलं.

उतारा कशाने पडला? हापूसच्या थोरवीची पत्रकं वाटून? मान्यताप्राप्त पॅकहाऊस, गरम पाण्याची किंवा बाष्पाची प्रक्रिया, खेपेची तपासणी, बागेची नोंद. हे सगळं उभं केल्यावर जानेवारी 2015 मध्ये आंब्यावरची बंदी उठली. अमेरिकेने तर 1989 पासून दार लावून घेतलं होतं. ते 2007 मध्ये उघडलं, तेही विकिरण केलेल्या फळासाठी. त्यासाठी आंबा लासलगावच्या केंद्रात न्यावा लागला.

त्या अठरा वर्षांत हापूस जगप्रसिद्धच होता. प्रसिद्धी होती, प्रवेश नव्हता.

हे आंब्यापुरतंच आहे, असं वाटतं? मग डॉक्टरांसाठीची 2002 ची आचारसंहिता काढून वाचा. दवाखान्याची पाटी अवाजवी मोठी नको. तिच्यावर नाव, पदवी, विशेष शाखा, नोंदणी क्रमांक. त्यापलीकडे मिरवणं नको. औषधाच्या दुकानावर आपली पाटी टांगायची नाही. जाहिरात करून रुग्ण ओढायचे नाहीत. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक मात्र हवाच हवा.

पाटी लहान, क्रमांक सक्तीचा. यातच सगळं आलं.

वकिलांना बार कौन्सिलच्या नियम 36 ने जाहिरातीची आणि अशील गोळा करण्याची मनाई. सनदी लेखापालांना ती 1949 च्या कायद्यातच. नियम करणाऱ्यांना धंदा कळत नव्हता? त्यांना तो नको इतका कळत होता. पोटावर टाके कसे घातले, दावा नीट मांडला का, ताळेबंद खरा आहे का, हे रुग्णाला, अशिलाला, भागधारकाला बाहेरून कळत नाही. ज्या धंद्यांत गिऱ्हाइकाला माल तपासता येत नाही, नेमकं तिथेच त्यांनी ढोल बंद केले.

साका तिथेही असतो.

आणि आज? उपचाराआधीचा फोटो, नंतरचा फोटो, रुग्णाचे आनंदाश्रू, मागे संगीत, शेवटी फोन नंबर. बरे झालेले सगळे दिसतात. जे बरे झाले नाहीत, त्यांना काय सांगितलं, याचा व्हिडिओ कुणी टाकलाय?

बोलणारे डॉक्टर नकोत असं नाही. पावसाळ्यात लेप्टो, बाराही महिने सर्पदंश. कोकणाला समजावून सांगणारा डॉक्टर हवाच. पण एक जण सांगतो, ही लक्षणं दिसली की जवळच्या रुग्णालयात धावा. दुसरा सांगतो, माझ्याकडे या. ऐकणाऱ्याला फरक लगेच कळतो.

शेजारच्या रायगडात महाडला बघा. डॉ. हिंमतराव बावस्कर. सत्तरच्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. लाल विंचू चावलेली माणसं यायची, भात कापणारी, लाकडं वेचणारी, लहान मुलं. हातपाय गार, अंगाला घाम, फुप्फुसात पाणी, आणि रात्रीतून मृत्यू. तरुण डॉक्टर रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, सगळं टिपून ठेवत होता.

फोटो काढायला तिथे कुणी नव्हतं.

रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध विंचूदंशात उपयोगी पडतं, हे त्यांनी दाखवलं. ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ते 1986 मध्ये छापून आलं. त्यांच्या नोंदींप्रमाणे मृत्यूचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्या आसपास उतरलं. छापून आणण्याचा अर्थ नीट बघा. हे माझे रुग्ण, हे आकडे, ही मात्रा. चुकलो असेन तर जगातल्या कुठल्याही डॉक्टरने मला खोडून काढावं.

याहून मोठं धाडस जाहिरातीत असतं का?

पुढे 2013 साली एका तपासणी केंद्राकडून त्यांच्या नावे 1200 रुपयांचा धनादेश आला. रुग्ण पाठवल्याबद्दलचं कमिशन. त्यांनी तो परत केला आणि वैद्यक परिषदेकडे तक्रारही केली. पद्मश्री मिळाली 2022 मध्ये. लोकांचा विश्वास त्याआधी कितीतरी वर्षं मिळाला होता. सरकार उशिरा पोहोचलं, महाडच्या खेडोपाड्यांतले रुग्ण आधीच पोहोचले होते.

पुरस्काराचा विषय निघालाच आहे तर तेही बोलून घेऊ. हल्ली फोन येतो: तुमची निवड झाली आहे, सोहळा मोठ्या हॉटेलात, नोंदणीशुल्क अमुक, सन्मानचिन्हासह फोटो मिळेल. पैसे भरले की उद्योगभूषण. निवड कुणी केली, कामातलं काय पाहिलं, हे विचारायचं नाही. असा पुरस्कार भिंतीवर लावणारा माणूस गिऱ्हाइकाला नेमकं काय सांगतो?

की त्याला पावती आणि प्रमाणपत्र यांतला फरक कळत नाही.

आता गावच्या रस्त्यावर या. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्याकडेला एक फलक असतो. रस्त्याचं नाव, लांबी, खर्च, ठेकेदार, पाच वर्षांच्या देखभालीची मुदत. बघायला कुणी थांबत नाही. त्याच्या अलीकडे भूमिपूजनाचा फलक. त्यावर पाच-सात चेहरे, ठेकेदाराचं नाव नाही. दोन पावसाळ्यांनी खड्डा पडला की कुठला फलक कामाला येतो?

16 ऑक्टोबर 2023 रोजी चिपळुणात मुंबई–गोवा महामार्गाच्या उड्डाणपुलाचा भाग काम सुरू असतानाच कोसळला. त्या महामार्गाच्या पाहणी दौऱ्यांचे फोटो त्याआधी वर्षानुवर्षं छापून येत होते.

पूल फोटोंवर उभा राहत नाही.

बिल्डरांच्या जाहिराती बघा. समुद्र, सूर्यास्त, झोपाळ्यावर आजोबा. महारेराने 1 ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला आहे. समुद्र बघून झाला की त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनावर मोबाइल धरा. मंजुरी, मुदत, तक्रारी, सगळं तिथे. ताबा दिल्यापासून 5 वर्षं बांधकामातला दोष दुरुस्त करून द्यायची जबाबदारी कायद्याने बिल्डरवर आहे. सोनाराकडचंही तेच. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असल्याशिवाय विक्री नाही. क्रमांक ॲपमध्ये टाका, दागिन्याची माहिती समोर.

दुकानातली रोषणाई डोळे दिपवायला. क्रमांक डोळे उघडायला.

आणि हे काही आजचं शहाणपण नाही. याच जिल्ह्यातल्या दापोलीत शिकलेले पांडुरंग वामन काणे आठवा. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करता करता धर्मशास्त्राचा इतिहास लिहीत बसले. पहिला खंड 1930 मध्ये, शेवटचा 1962 मध्ये. हजारो पानं, आणि पानाखाली तळटीपांची गर्दी. कुठल्या ग्रंथात, कुठल्या ठिकाणी, कुणी काय म्हटलंय, सगळा हवाला.

तळटीप कशासाठी असते? विद्वत्ता दाखवायला? तळटीप म्हणजे वाचकाच्या हाती दिलेला दोर, माझं चुकलं असेल तर याला धरून मला खेचा. मतभेद असणारेही काण्यांचे खंड उघडतात ते या दोरामुळे. 1963 मध्ये भारतरत्न मिळालं. पहिल्या खंडाला तेव्हा तेहतीस वर्षं झाली होती.

दापोली तालुक्यातल्याच मुरुडचे धोंडो केशव कर्वे. 1893 मध्ये विधवेशी विवाह केला म्हणून गावाने वाळीत टाकलं. म्हणजे दिसण्यासारखी जागाच उरली नाही. 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, दारोदार वर्गणी मागितली, 1916 मध्ये महिला विद्यापीठ उभं केलं. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्या विद्यापीठाला 15 लाख रुपये दिले. त्या काळचे 15 लाख.

चोवीस वर्षांचं काम बघून दिले. भाषण ऐकून एवढे पैसे कोण देतो?

इथे एक आक्षेप येणारच. जुन्यांचं ठीक आहे हो, नव्याने काय करायचं? कालच दवाखाना थाटलेल्या मुलीने, वडिलांची बाग हातात घेतलेल्या मुलाने दिसायचंच नाही? चोवीस वर्षं वाट बघायची? तोवर हप्ते कोण भरणार?

आक्षेप रास्त आहे. उत्तरही सरळ आहे. दिसा, पण तपासता येईल असं दिसा.

बाग हाती घेतलेल्या मुलाने रील जरूर टाकावी. फवारणी कशाची आणि शेवटची कधी केली, ते सांगावं. फळ किती आण्यांवर उतरवलं, ते दाखवावं. ‘आम्ही कार्बाइड वापरत नाही’ हे वाक्य तर सगळेच छापतात. कार्बाइडला बंदीच आहे, न वापरण्यात कसला पराक्रम? पिकवायला काय वापरता ते सांगा. पेंढा की इथिलीन? इथिलीनला परवानगी आहे, 100 पीपीएमपर्यंत. लाजायचं कारण नाही, सांगून वापरा.

आणि मोसम संपल्यावर एक शेवटचा व्हिडिओ. किती पेट्या गेल्या, किती तक्रारी आल्या, किती आंबे भरून दिले. बघणारे कमी असतील. पण पुढच्या वर्षीचे पैसे आगाऊ पाठवणारे त्यांतलेच असतील.

दवाखाना थाटलेल्या डॉक्टरने आपले दर दवाखान्यात लिहून लावावेत. आपल्याला जमत नाही ती केस कुठे पाठवतो, हे रुग्णाला तोंडावर सांगावं. ‘हे माझ्याच्याने होणार नाही’ एवढं म्हणणारा डॉक्टर गावाच्या लक्षात राहतो. जे करीन म्हणतो ते हा खरंच करणार, याची खात्री त्याच वाक्याने पटते.

सगळं येतं म्हणणाऱ्यावर कोण विश्वास ठेवतो? ज्याची गरज संपलेली नाही, तो. नाइलाजाने.

आता जरा आपल्याकडे, गिऱ्हाइकांकडे वळू. नकली पेटीचा खरा आश्रयदाता कोण? आपण. आपल्याला हापूस हवा रत्नागिरीचा आणि भाव हवा दुसरा. रस्त्याकडेला टेम्पो थांबवून आपण विचारतो, ‘रत्नागिरीचाच आहे ना?’ तो म्हणतो, ‘हो.’ आपण पैसे देतो.

दुसरं कुठलं उत्तर यायचं होतं?

पाटी मोठी म्हणून दवाखाना निवडतो आपण. फोटो जास्त म्हणून पुढारी मोठा मानतो आपण. तारे पाच म्हणून हॉटेल घेतो. ते तारे कुणी दिले, हे वाचत नाही. आणि मग फसलो की म्हणतो, जगात विश्वास राहिला नाही. विश्वास ठेवायच्या आधी एक प्रश्न विचारायचा असतो. तो विचारायचा कंटाळा आपला.

ज्याला कुणी विचारत नाही, तो उत्तर कशाला तयार ठेवील?

तेव्हा यंदा पेटी घेताना भावाआधी बाग विचारा. कुणाची, कुठली, मानांकनाची नोंद आहे का, खराब निघाले तर फोन कुणाला करायचा. प्रामाणिक बागायतदार या प्रश्नांनी चिडत नाही, त्याला हेच प्रश्न हवे असतात. त्याचा आंबा आणि टेम्पोतला आंबा एका भावात तोलला जातो, हेच तर त्याचं दुखणं आहे. जो चिडेल त्याच्याकडून घेऊ नका.

डॉक्टरच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक बघा. प्लॉटच्या जाहिरातीत महारेराचा क्रमांक बघा. रस्त्याच्या फलकावर देखभालीची मुदत बघा आणि मुदतीत खड्डा पडला तर अर्ज ठोका. पाच माणसांनी हे केलं तर उपद्व्यापी म्हणतील. पाचशेंनी केलं तर पाट्या बदलतील.

आणि हाच प्रश्न उद्या कुणी तुम्हाला विचारला तर? वकील असा, वायरमन असा, शिकवणी घेणारे मास्तर असा, काजूचा कारखाना चालवणारे असा. तुमच्या हातून गेलेलं काम बिघडलं, तर माणसाने कुठे यायचं, कुणाला भेटायचं आणि तुम्ही काय भरून देणार, हे तुमच्या बिलावर लिहिलेलं आहे का?

नसेल तर आज लिहा. ते लिहायची छाती होत नसेल, तर गावभर दिसून तरी काय मिळवणार?